एपिड्युरल वेदनाशमन आणि प्रसूतीतील मूत्राशयाची निगा

प्रसूतीच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक नळीवाटे औषध देण्याच्या पद्धतीस एपिड्युरल वेदनाशमन म्हणतात. या औषधाने वेदनेबरोबर लघवीची भावनाही मंदावते. त्यामुळे अशा प्रसूतीत मूत्राशय ठरावीक वेळाने तपासून रिकामा करण्याची जबाबदारी परिचारिका व डॉक्टरांवर येते. स्त्रीने तक्रार केली नाही, यावरून मूत्राशय रिकामा आहे असे मानता येत नाही.

कारणे

मूत्राशय भरल्याची संवेदना त्रिकास्थीच्या भागातील दुसऱ्या ते चौथ्या चेतांमार्फत मज्जारज्जूकडे जाते. आकुंचनाचा संदेशही याच चेतांतून परत येतो. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन यांसारखी बधिर करणारी औषधे हा मार्ग दोन्ही दिशांनी क्षीण करतात, तर सोबत दिले जाणारे फेंटानिल मूत्राशयाच्या स्नायूचे आकुंचन आणखी मंद करू शकते. एरवी प्रौढ व्यक्तीस सुमारे १५० ते ३०० मिलिलिटर मूत्र साठल्यावर लघवीची जाणीव होऊ लागते. येथे ती जाणीव पुसट असते आणि शिरेतून दिलेल्या सलाइनमुळे मूत्र मात्र तयार होतच राहते.

परिणाम

भरलेला मूत्राशय जघनास्थीच्या वर फुगवट्यासारखा हाताला लागतो. त्यामुळे बाळाचे डोके खाली सरकण्यास अडथळा येऊ शकतो. प्रसूतीनंतर गर्भाशय नीट आकुंचन न पावल्यास रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. अतिताणामुळे मूत्राशयाचा स्नायू दुबळा होऊन पुढे लघवी तुंबू शकते. हा परिणाम उशिरा लक्षात येत असल्याने त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

निगा

साधारणतः दर दोन ते चार तासांनी लघवी करण्यास सुचवतात, पोट चाचपतात आणि मूत्राचे प्रमाण मोजून लिहितात. प्रसूतीच्या प्रगतीची नोंद ठेवणाऱ्या पार्टोग्राफ या तक्त्यात मूत्रासाठी जागा असते. ती कोरी राहिली, तर पुढच्या पाळीतील परिचारिकेला शेवटची लघवी केव्हा झाली हे समजत नाही. पाय जड असल्यास बेडपॅन देतात. आडोसा आणि बसती स्थिती यांचाही उपयोग होतो.

तरीही लघवी न झाल्यास कॅथेटर वापरतात. तो दर वेळी घालून लगेच काढता येतो किंवा फुगा असलेला फोली कॅथेटर ठेवून देता येतो. पहिल्या पद्धतीत हाताळणी वारंवार होते. दुसरीत कॅथेटर जितका काळ राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. जोर लावण्याच्या वेळी फोली कॅथेटर बहुधा काढून टाकतात. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्यापूर्वी मूत्राशय रिकामा केला जातो.

प्रसूतीनंतर

औषध थांबल्यावरही संवेदना परतण्यास काही तास लागतात. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार, जन्मानंतर ६ तासांत लघवी झाली नाही आणि कोमट पाण्याने स्नान यांसारख्या उपायांचा लगेच गुण आला नाही, तर मूत्राशयातील मूत्राचे प्रमाण तपासून कॅथेटरचा विचार करावा. वारंवार थोडी थोडी लघवी होणे हे मूत्राशय ओसंडत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सोनोग्राफीने आत उरलेले मूत्र मोजता येते.