डॉक्टरीणबाईंचे यजमान

मराठीत ‘डॉक्टरीणबाई’ हा शब्द दोघींना चालतो. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईला, आणि डॉक्टरशी लग्न झालेल्या बाईलाही. पाटलाची पाटलीण, मास्तरांची मास्तरीण, तशी डॉक्टरांची डॉक्टरीण. तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या माडीवर राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंना औषधांतलं काही कळत नसेल, पण रात्री दोन वाजता दार वाजलं की उठणार त्याच. नवऱ्याची पदवी बायकोला लग्नातच मिळून जाते. उलट्या दिशेनं मात्र काही मिळत नाही. डॉक्टर बाईच्या नवऱ्याला काय म्हणायचं? फार तर ‘डॉक्टरीणबाईंचे यजमान’.

मी असा एक यजमान आहे. बायको स्त्रीरोगतज्ज्ञ. आमच्या घरातली जेवणं, सण आणि झोप तिच्या ड्यूटीवर ठरतात. बाळंतपणं मुहूर्त बघून होत नाहीत, हे मला लग्नानंतर पहिल्या दिवाळीलाच कळलं. या भूमिकेत आपल्याआधी कोण कोण होतं, हे शोधायला लागलो आणि थेट १८८० च्या दशकात पोचलो. तोवर आपल्याकडे आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेली बाईच नव्हती. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचे यजमानही नव्हते.

सुरुवात अर्थातच गोपाळराव जोशींपासून. २०१९ सालचा ‘आनंदी गोपाळ’ सिनेमा पाहिलेल्यांना गोष्ट ठाऊक आहे. पोस्टातले कारकून, बिजवर, वयानं बरेच मोठे. मुलगी नऊ वर्षांची. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईला तपासायला बाईच डॉक्टर हवी, हा विचार या दुःखातून आला. १८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं, ते तिकडच्या मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी जुना हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडानं खाल्लेला मार, अंगावर भिरकावलेली पुस्तकं आणि खुर्च्या, बाराव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या. हे सगळं शिक्षणाच्या नावाखाली. आपण त्यांचं देणं लागतो, हेही त्या मान्य करतात. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच संसारात होतं.

गोपाळरावांना बायको डॉक्टर व्हायला हवी होती, यात शंका नाही. पण डॉक्टर झालेल्या बायकोबरोबर राहायचं कसं, हे त्यांना जमत होतं का? पदवीदानाला ते हजर होते. पण त्या काळात अमेरिकेत फिरून त्यांनी जी भाषणं दिली, त्यांत त्यांच्या बायकोला आधार देणाऱ्या समाजावरच टीका होती; यजमान मंडळी अवघडून गेली. पुढे उत्तर मिळवायला वेळच उरला नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची नेमणूक हातात होती, पण क्षयानं पोखरलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. गोपाळराव ‘डॉक्टरचा नवरा’ होते ते पुरतं एक वर्षही नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच मुंबईच्या हायकोर्टात एक निकाल लागला. तो इथे महत्त्वाचा आहे, कारण नवऱ्याच्या हातात काय काय होतं ते त्यातून दिसतं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जायला नकार दिला होता. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगाला तयार होत्या. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं. पुढच्याच वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत नि राजकोटला त्यांनी कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने चालवले.

म्हणजे आनंदीबाई डॉक्टर झाल्या कारण नवऱ्यानं हट्ट धरला, आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या कारण त्यांनी नवराच नाकारला. दोन्हीकडे दाराची किल्ली नवऱ्याच्याच खिशात होती. गोपाळरावांच्या हट्टाचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

मग तिसरा रस्ता कुणी शोधला? त्यासाठी कोलकात्याला जावं लागतं. द्वारकानाथ गांगुली ब्राह्मो समाजातले शिक्षक आणि संपादक. १८६९ पासून ‘अबलाबांधव’ नावाचं पत्र काढणारे. तेही बिजवर, तेही बायकोहून बरेच मोठे, आणि कादंबिनी तर त्यांचीच विद्यार्थिनी. कागदावर बघितलं तर गोपाळरावांसारखंच सगळं. पण १८८३ साली लग्न झालं तेव्हा कादंबिनी नऊ वर्षांच्या नव्हत्या, एकविशीतल्या, बी.ए. झालेल्या बाई होत्या. मेडिकल कॉलेजनं त्यांना घ्यावं म्हणून द्वारकानाथ भांडले. १८८६ मध्ये त्यांचं शिक्षण पुरं झालं, आणि १८८८ मध्ये त्या लेडी डफरिन रुग्णालयात महिना तीनशे रुपयांवर रुजू झाल्या.

द्वारकानाथांची खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली. डॉक्टर बाई अवेळी बाहेर पडते, परक्या घरांत जाते. १८९१ मध्ये ‘बंगवासी’ या पत्रानं याच गोष्टीवरून कादंबिनींना आडून वेश्या म्हटलं. गप्प बसणं सोपं होतं. ‘घरची अब्रू’ म्हणून तेच शहाणपणाचंही मानलं गेलं असतं. गांगुली दांपत्य कोर्टात गेलं. संपादकाला शंभर रुपये दंड आणि सहा महिने कैद झाली. दोनच वर्षांनी कादंबिनी मुलांना घरी ठेवून पुढच्या शिक्षणासाठी ब्रिटनला गेल्या आणि तीन पदव्या घेऊन परतल्या. या घरात सावत्र-सख्खी मिळून आठ मुलं होती. बायको समुद्रापार असताना ते घर चालू राहिलं, हीसुद्धा इतिहासाची नोंद आहे, फक्त तिच्यावर सिनेमा निघत नाही.

मुंबईतही असं एक उदाहरण होतं. कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी १८८९ मध्ये हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केलं. फिप्सन दारूचे व्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस. स्वतःचा धंदा, स्वतःचे पक्षी-प्राणी, स्वतःचा नाद. बायकोचं मोठेपण हाच आपला प्रकल्प, अशी त्यांची गरज नव्हती. १९०८ मध्ये पीची गेल्यावर त्यांनी तिच्या नावानं लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिष्यवृत्ती ठेवली.

या तिघांकडे पाहून मला एक फरक जाणवतो. बायकोला डॉक्टर ‘करणं’ आणि डॉक्टर बायकोबरोबर राहणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात नाव मिळतं, दुसऱ्यात बहुतेक वेळा वाट बघावी लागते. पहिलं काम पदवीदानाच्या दिवशी संपतं, दुसरं त्याच दिवशी सुरू होतं. जुन्या डॉक्टरीणबाई, माडीवरच्या, हे दुसरं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या: गरम केलेलं अन्न पुन्हा गरम करणं, निरोप घेणं, दार उघडणं. त्यांच्या या कामाला कुणी त्याग म्हणालं नाही. तेच पुरुषानं केलं की ‘मोठ्या मनाचा’ म्हणतात. मलाही म्हणून झालंय.

द्वारकानाथ १८९८ च्या जूनमध्ये गेले. त्याच दिवशी एका घरून बाळंतपणाचं बोलावणं आलं आणि कादंबिनी बॅग उचलून निघाल्या, अशी आठवण सांगितली जाते. ऐकणाऱ्यांना तो कोरडेपणा वाटला. पण बारा वर्षं ज्या नवऱ्यानं तिला अशा प्रत्येक बोलावण्याला जाताना पाहिलं होतं, त्याला त्या दिवशी तिनं घरीच थांबावं असं वाटलं असतं, असं मला वाटत नाही.