बॉनेटखालचं दप्तर

जुन्या फियाटचं बॉनेट उघडलं की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच: "ई, केवढी घाण!" आणि लगेच दुसरी: "घासून रंगवून टाकू मस्तपैकी." मग वायर ब्रश येतो, ड्रिलला लावायची चकती येते, काळ्या स्प्रेचे दोन डबे येतात आणि एका शनिवार-रविवारात सगळं चकाचक! आरशात बघून भांग पाडता येईल असं इंजिन. फोटो काढायला उत्तम.

माझं म्हणणं एवढंच की घासण्याआधी एकदा वाचा. होय, वाचा. जुन्या गाडीचा इंजिन बे हा एक दप्तरखाना आहे. आणि प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत तर तो जवळजवळ एकमेव उरलेला आहे, कारण ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, तिथलं उत्पादन २००० सालच्या आसपास बंद पडलं. कुठल्या वर्षी कुठला भाग कुठल्या रंगात निघायचा हे फोन करून विचारावं असं आता कोणी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन हरवलंय, मूळ टीम नोकरी सोडून गेली आहे आणि हातात आहे तो फक्त चालू (किंवा बंद पडलेला) कोड. अशा वेळी शहाणा माणूस आधी कॉमेंट्स डिलीट करत सुटत नाही.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे घोलवडच्या एका वाडीतली १९७४ ची पद्मिनी. माझ्या मित्राच्या आजोबांची. चिकूच्या झाडांमागे पत्र्याच्या शेडमध्ये ती बरीच वर्षं उभी होती आणि गेल्या काही महिन्यांत आम्ही दोघं जमेल तसे शनिवारी तिच्या मागे लागलो आहोत. डहाणू लोकलने डहाणू रोड, पुढे रिक्षा. पण गाडीकडे येण्याआधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय बॉनेटखालचं काहीच कळत नाही.

वालचंद हिराचंद. सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही भारतात बनवायचा ध्यास घेतलेला माणूस. क्रायस्लरशी बोलणी करून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला डॉज, प्लिमथ वगैरे अमेरिकन गाड्यांची जुळणी, मग पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला फियाट. १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशी मान्य केल्या आणि नियम घातला: नुसते सुटे भाग आणून जुळणी करायची नाही, हळूहळू सगळं इथेच बनवायचं. १९२८ पासून मुंबईत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही तेच केलं. प्रीमियर राहिली. १९५४ मध्ये आली ती गोलमटोल 'डुक्कर फियाट', १९६४ च्या सुमारास ११०० डी, आणि हीच ११०० डी पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली.

आता गंमत बघा. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हेच माप फियाटच्या ५०८ सी नावाच्या गाडीत १९३७ साली होतं! इटलीतल्या ११०० डी मध्ये १२२१ सीसीचं इंजिन आलं, आपल्याकडे मात्र १०८९ च राहिलं. म्हणजे युरोपात दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी ठरलेलं माप आपण वाय-टू-के पर्यंत चालवलं. लेगसी सिस्टिम म्हणजे काय ते ह्यापेक्षा वेगळं सांगायला नको. :)

हे सगळं बॉनेटखाली दिसतं. इंजिनाची आखणी इटालियन, पण त्याला लटकलेली प्रत्येक वस्तू म्हणजे त्या १९५३ च्या धोरणाची एकेक पावती. मित्राच्या गाडीत प्लग मायकोचे, म्हणजे बंगलोरच्या त्या कंपनीचे जी १९५१ मध्ये बॉशच्या साथीने सुरू झाली. विजेचं सामान लुकास-टीव्हीएसचं, मद्रासचं. ही नावं कुठे असतात? बारीकशा पत्र्याच्या पट्टीवर, नाहीतर कोरलेल्या अक्षरांत, तेही तेलाच्या आणि धुळीच्या अर्धा सेंटिमीटर थराखाली. पॉवर ड्रिलची चकती ती अक्षरं काही सेकंदांत सपाट करते.

त्या तेलाच्या थराबद्दल थोडं चांगलंही बोललं पाहिजे. घोलवड म्हणजे समुद्र. बोर्डीचा किनारा शेजारीच, सुरूची झाडं, खारा वारा. मिठातलं क्लोराइड आणि हवेतली दमट, दोन्ही मिळून उघडं लोखंड खाऊन टाकतात. आमच्या गाडीत जिथे तेल गळत होतं, तिथला पत्रा आणि बोल्ट खाली ठणठणीत निघाले. जिथे गाडी 'स्वच्छ' होती, म्हणजे बॅटरीचा ट्रे, बॉनेटच्या बिजागऱ्या, काऊलचा कोपरा, तिथे पत्र्याची चाळण. गळकं इंजिन हे उत्तम गंजरोधक आहे असा माझा निष्कर्ष. डहाणूचे गॅरेजवाले काका ह्यावर फक्त हसले आणि म्हणाले, "म्हणूनच आम्ही ऑइल सील उगाच बदलत नाही."

सफाईचं म्हणाल तर पूर्वी सरसकट रेशनचं रॉकेल आणि कॉटन वेस्ट. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून डिझेल किंवा डिग्रीझर, लाकडाची खरवडणी आणि जुने टूथब्रश. लोखंडी ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकला की लख्ख होतो. पण ह्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळवतो. घाईघाईत दोन्ही एकाच टाकीत गेले की हेड संपलं. पहिल्यांदा धुऊन झालं की गोड्या पाण्याने पुन्हा धुवायचं, कारण मीठ राहिलं तर वर कितीही भारी रंग मारा, पावसाळ्यानंतर फोड येणारच. गोड्या पाण्याने म्हणतोय ते मुद्दाम. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असू शकतं, आधी चाखून बघा.

आता रंग. इथे इतिहास खरा दाट आहे. हार्डवेअरच्या दुकानात 'ब्लॅक जपान' मागा, अजून मिळतो. डांबर आणि तेलावर आधारलेला चकचकीत काळा. नाव जपान, पण वस्तू युरोपची. सतराव्या शतकात जपानी लाखकामाची नक्कल करायच्या धडपडीतून ही पद्धत निघाली आणि पुढे शिवणयंत्रं, सायकली, मोटारी सगळ्यांवर चढली. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळीच मिळायची ती ह्याच जातीच्या रंगात. मग आला ड्यूको. ड्युपाँ ही मूळची बारुदाची कंपनी. गनकॉटनच्या चुलतभावापासून, नायट्रोसेल्युलोजपासून, तिने १९२३ मध्ये एक लॅकर काढलं. आधी गाडी रंगवून वाळायला काही आठवडे लागायचे, ड्यूकोने ते तासांवर आणलं. ते नाव आपल्याकडे इतकं रुळलं की ब्रँड कुणाला आठवत नाही. लाकडी कपाटालाही 'ड्यूको मारतात'.

आणि आपले स्वतःचे रंग? १९४२ मध्ये, युद्धामुळे परदेशी रंग मिळेनासे झाले असताना, गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी कंपनी काढली, तिची पुढे एशियन पेंट्स झाली. म्हणजे भारतीय रंगाचाही एक धागा गॅरेजमधूनच निघतो. योगायोग, दुसरं काय.

मोटारीच्या पत्र्यावर प्रायमर म्हणून रेड ऑक्साइड, हे तर सगळ्यांना माहीत. त्याचा एक जुना, जास्त गुणी आणि जास्त विषारी भाऊ आहे: रेड लेड. म्हणजे आपला शेंदूर! शिशाचं ऑक्साइड. जहाजं आणि पूल त्यानेच रंगवले जायचे. जुन्या पिवळ्या-नारिंगी औद्योगिक रंगांतही शिशाचं क्रोमेट असायचं. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तीही फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. मधल्या काळात आजोबांच्या गाडीवर कुणी कुठल्या डब्यातला रंग मारला हे कोण सांगणार? म्हणून कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर, पाणी, तोंडाला चांगला मास्क, खाली ताडपत्री आणि तो गाळ डब्यात. वीस पावलांवर विहीर आहे आणि त्या पाण्यावर चिकू जगतात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं ते शिशासाठी नाही.

हा विषय ह्या तालुक्यात नवीन नाही बरं का. १९९१ साली केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, प्रदूषणकारी उद्योगांना मनाई केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर देखरेखीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी कितीतरी वर्षं त्याचे अध्यक्ष होते. परिणाम असा की आमच्या इंजिन ब्लॉकला कॉस्टिकची अंघोळ घालायला आम्ही तो वापीला नेला. काही स्टेशनं पलीकडे, गुजरातेत. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात हीच वापी देशात दुसरी होती. आपली गाडी स्वच्छ झाली, म्हणजे तिची घाण सीमेपलीकडे गेली. हे मला आवडत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो: मूळ रंग कसा ओळखायचा? गाडीलाच विचारायचं. हॉर्नच्या ब्रॅकेटखाली, बॅटरीच्या क्लँपखाली, वायरिंगच्या क्लिपमागे, जिथे कुठल्याच पेंटरचा ब्रश पोचलेला नाही, तिथे कारखान्याचा रंग सापडतो. आमच्याकडे बॅटरी क्लँपखाली सगळे थर एकावर एक मिळाले: करडा प्रायमर, त्यावर फिकट क्रीम, त्यावर निळा आणि सगळ्यात वर ब्रशने फासलेला ब्लॅक जपान. मित्राला गाडी निळीच आठवते. त्याच्या आईने मात्र क्रीम रंग बघितल्याबरोबर सांगितलं, "लग्नात आणली तेव्हा अशीच होती." निळी कधी केली ते आता घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण का केली ते सांगता येतं. त्या काळी नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, मग आहे तीच पुन्हा रंगवायची, पुन्हा वापरायची. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. त्याआधीचा प्रत्येक जादा थर म्हणजे टंचाईचा एक हात.

ह्याला आता कायद्याचंही अंग आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन-रॅली वगैरेंना आहे. १९७४ च्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला आल्या. मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची नोंदलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे एका टोकाला वंश संपतोय आणि दुसऱ्या टोकाला तीच गाडी वारसा म्हणून मोजली जातेय, जेमतेम एका वर्षाच्या अंतराने.

म्हणूनच ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर ह्यांच्या आसपास यंत्र लावायचंच नाही. हाताने, बारीक पेपरने, आणि वर रंगाचा जाड थर नको. तपासणीत त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात, तो वाचता आला पाहिजे. अक्षर गुळगुळीत झालं तर गाडी खरी असूनही संशयित.

बाकीचं काम मग सोपं. गंजावर फॉस्फॉरिक ॲसिड (१९०६ मध्ये इंग्लंडात कोस्लेटने लोखंडाला फॉस्फेटचा थर देण्याचं पेटंट घेतलं, तेच तत्त्व), मग प्रायमर, मग पातळ दोन हात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा रंग टिकत नाही, सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा हीट पेंट लागतो आणि तो इंजिन थोडं थोडं तापवूनच पक्का होतो. रेडिएटरला अगदी पातळ, नाहीतर उष्णता बाहेर पडत नाही. अर्थिंगची पट्टी जिथे बसते तिथे आणि गॅस्केटच्या बैठकीवर रंग अजिबात नको. चकाकी कमी ठेवा. ही कारखान्यातून निघालेली गाडी आहे, नवरदेवाची घोडी नाही.

आमचा बे आता क्रीम आहे, १९७४ चा. आईंनी बघून मान डोलावली. बॅटरी क्लँपखालचा दोन इंचांचा चौकोन मात्र तसाच ठेवलाय, चारही थरांसकट, वर फक्त पारदर्शक लॅकरचा एक हात. क्लँप बसवला की तो दिसत नाही.