अक्षौहिणी : २,१८,७००

कीर्तनात ‘अठरा अक्षौहिणी सैन्य’ ऐकलं की आपण ‘अफाट, मोजता न येणारं’ एवढाच अर्थ घेतो. हा त्या शब्दावर अन्याय आहे. अक्षौहिणी म्हणजे नेमकी किती, हा प्रश्न महाभारताच्या आदिपर्वात ऋषींनीच कथा सांगणाऱ्या सौतीला विचारला आहे, आणि त्याने पायरीपायरीने चोख हिशेब दिला आहे.

एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून एक पत्ती, म्हणजे दहा. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर पायरीला तिप्पट. सात तिपटींनंतर अनीकिनीत २,१८७ पत्ती होतात. शेवटी मात्र दहापट : दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. रथ २१,८७०, हत्ती तेवढेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. एकूण २,१८,७००.

यातला कुठलाही आकडा घ्या आणि अंकांची बेरीज करा : अठरा. सगळ्यांच्या पोटी तीनाचा सातवा घात असल्याने बेरीज नऊच्या पटीत येणारच. पण कुठे नऊ, कुठे सत्तावीस न येता सर्वत्र अठराच यावेत, आणि तेही अठरा पर्वांच्या ग्रंथात, याचा मला मनापासून आनंद होतो. आणखी एक गंमत. पांडवांच्या सात आणि कौरवांच्या अकरा मिळून ३९,३६,६००. याची पाचपट १,९६,८३,०००, म्हणजे बरोबर २७० चा घन. आणि २७० म्हणजे एक गण! हे कुणी योजलेलं नसावं. तिपटीच्या शिडीतून ते आपसूक निघतं.

या शिडीतले काही शब्द मराठीत अजून नांदतात, पण आकडा मागे टाकून. चमू क्रिकेटच्या मैदानावर उतरतो, वाहिनी घरोघरी दिसते, गण पंचायत समितीच्या निवडणुकीत भेटतो. पृतना आणि अनीकिनी कोशातच राहिल्या. ७,२९० चा चमू अकरांवर आला, तरी शब्द जगला हे बरंच झालं.

आता खुद्द अक्षौहिणी. अक्ष म्हणजे रथाचा आस, ऊहिनी म्हणजे समूह असलेली, अशी पारंपरिक फोड. नेहमीच्या संधीने अ आणि ऊ मिळून ओ होतो, म्हणून ‘अक्षोहिणी’ व्हायला हवं. पुष्कळजण तसं लिहितातही. पण पाणिनीच्या वृद्धिसंधीच्या सूत्रावर वार्तिककाराने या एका शब्दासाठी वेगळी तरतूद करून औ ठरवून दिला. त्याच सूत्राच्या दुसऱ्या वार्तिकाने प्र + ऊढ यांचं ‘प्रोढ’ न होता ‘प्रौढ’ होतं. ‘प्रौढ’ आपण कधी चुकवत नाही. अक्षौहिणीचाही औ तेवढाच सांभाळा.