जत्रेतले खाजे टपालाच्या वाटेने

गोव्यातील देवालयाची जत्रा करून परतणाऱ्या भाविकाच्या हाती प्रसादाबरोबर आणखी एक पुडी हमखास असते, ती खाज्यांची. मंगेशीची माघातली जत्रा असो, फातर्प्याची पौषातली असो, किंवा शिरगावचा लईराईचा वैशाखातला उत्सव असो, खाज्यांच्या दुकानांवाचून जत्रा भरली असे आमच्या लोकांस वाटतच नाही. ख्रिस्ती बांधवांच्या फेस्तांतही हीच दुकाने मांडलेली दिसतात.

शब्दाचे मूळ 'खाद्य'. प्राकृतात त्याचे 'खज्ज' झाले आणि त्यावरून खाजे. पुरीच्या जगन्नाथापाशी मिळणारा खाजा निराळा. तो मैद्याचे थर तळून साखरेच्या पाकातून काढलेला. आमचे खाजे चण्याच्या पिठाचे. पिठाच्या कांड्या तेलात तळावयाच्या, गुळाचा पाक आल्यासह कढवावयाचा आणि त्यात त्या कांड्या पाक सुकून अंगाला बसेपर्यंत हलवीत राहावयाचे. कोठे कोठे वर तीळही लावतात. पाक कच्चा राहिला तर खाजे चिकटते, पुढे गेला तर गूळ करपतो. ही वेळ खाजेकार डोळ्यांनी ओळखतो. ती लिहून सांगता येत नाही.

नीट झालेले खाजे पुष्कळ दिवस टिकते. त्याचा वैरी एकच, ओलावा. जत्रांचा मोठा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे नेमका कोरड्या दिवसांचा. त्यामुळे खाजेकारांची कमाई देवतांच्या पंचांगाला बांधलेली राहिली. पावसाच्या चार महिन्यांत ना जत्रा, ना गिऱ्हाईक.

दूरच्या गिऱ्हाइकास माल पाठविण्याची कल्पना मात्र आजची नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात व्ही. पी. ची पद्धत १८७७ साली सुरू झाली. पोस्टमनाच्या हाती पैसे ठेवून पार्सल सोडवून घ्यावयाचे, हा व्यवहार आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. गोव्याचे टपाल तेव्हा पोर्तुगीज सरकारचे आणि वाटेत जकातीचा नाका. म्हणून मुंबई-बेळगावच्या गोमंतकीयांकडे खाजे गेले ते पार्सलापेक्षा माणसाच्या पिशवीतूनच अधिक, असे मानावयास हरकत नाही.

१९५५ साली तीही वाट अडली. भारत व गोवा यांतील दळणवळण तोडण्यात आले आणि मुरगावाहून लोंढ्याकडे येणारी आगगाडी बंद झाली. कुलदेवतेच्या जत्रेस जाणे दुर्घट, तेथे तिकडची पुडी हाती येणे कोठले? १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढील वर्षी गाडी पुन्हा धावू लागली, तेव्हा खाज्यांची वाटही मोकळी झाली.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली संमत होऊन २००३ साली अमलात आला. गोव्यातून प्रथम काजूच्या फेणीस हे मानांकन मिळाले, ते २००९ साली. खाज्यास ते या दशकाच्या आरंभी लाभले आणि बेबिंकेस २०२३ साली. खाजेकारांच्या कसबास मान मिळाला याचा आम्हांस आनंद आहे. तरी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. तेरेखोलपलीकडे मालवण भागातील जत्रांतही चण्याच्या पिठाचे व गुळाचे असेच खाजे विकले जाते. जत्रांनी जी सीमा कधी पाळली नाही, ती नोंदणीच्या कागदावर उमटली आहे.

आता मागणी भ्रमणध्वनीवरून नोंदविली जाते. २०१६ साली यूपीआय आल्यापासून पैसे क्षणात पोहोचतात आणि दबा घरपोच येतो. यातील खरा लाभ आम्हांस पावसाळ्यात दिसतो. इंदूर-बडोद्याच्या घरास खाजे हवे असते ते गोव्याचे आकाश पाहून नव्हे. श्रावणातही मागणी येऊ शकते. पिशव्या नीट हवाबंद केल्या तर जो हंगाम जत्रेने कधी दिला नाही तो टपाल देऊ शकते.

अडचण आहे ती नावाची. जत्रेत पुडीवर नाव नसे, पण समोर खाजेकार स्वतः बसलेला असे. आता पुडीवर छापील नाव असते आणि ते बनविणाऱ्याचेच असेल असा भरवसा नाही. मोठ्या विक्रेत्याने माल घाऊक घ्यावा, आपली मुद्रा लावावी आणि 'गोव्याचे अस्सल खाजे' म्हणून दामदुप्पट विकावे, यात खाजेकाराच्या पदरी घाऊक भावच पडतो. जेथे खाजेकाराचे कुटुंब किंवा गावातील बचत गट स्वतः मागणी स्वीकारतो, तेथे मधला हिस्सा घरात राहतो. म्हणून मागणीपूर्वी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावी: बनविणारा कोण, गाव कोणते. परगावच्या ज्या यजमानाने ते नाव ध्यानी ठेवले, त्यास माघात मंगेशीला गेल्यावर त्याच नावाचा माणूस तराजूमागे बसलेला भेटू शकतो.