मेलबर्नचे तीन गोल

मंडळी, जर्मनीचा हेल्मुट रान हा विंगर आमच्या नातवाला पाठ आहे. १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीविरुद्ध अंतिम सामन्यात शेवटची मिनिटे उरलेली असताना त्याने विजयी गोल मारला. त्या विजयावर जर्मनांनी २००३ साली सिनेमाही काढला. चांगलेच केले. पण नेव्हिल डिसोझा कोण, असे विचारले तर नातू गप्प! म्हणून हे लिहितो आहे.

नेव्हिलचा जन्म १९३२ चा, घराणे मूळ गोव्याचे. मुंबईत तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळला. तो विंगर नव्हे, सेंटर फॉरवर्ड. विंगरने कडेने धावत चेंडू आत द्यायचा आणि याने तो जाळ्यात घालायचा. भारताच्या संघात उजव्या कडेला होते पी. के. बॅनर्जी.

आधीची पार्श्वभूमी सांगायलाच हवी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले होते. आपले कित्येक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. (भिवंडीत पावसाळ्यात आमची शाळेतली पोरेही तशीच खेळायची, पण समोर युगोस्लाव्हिया नसायचा!) १९५६ ला मेलबर्नला आपला संघ बूट घालून उतरला. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ पेशाने शिक्षक, हे लिहिताना मला जरा जास्तच बरे वाटते.

पहिली लढत हंगेरीशी होती, पण हंगेरीने फुटबॉलमधून माघार घेतली. त्यांच्या देशात उठाव चिरडला जात होता. आपल्याला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. नेव्हिलने नवव्या मिनिटाला गोल केला, ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. त्याने पुन्हा केला, त्यांनी पुन्हा फेडला. मध्यंतरानंतर लगेच तिसरा! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. शेवटी किट्टूने एक घातला आणि ४-२. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत जाणारा आशियातला पहिला संघ आपला.

त्या स्पर्धेला अकराच संघ होते, असे नाक मुरडून सांगणारे भेटतात. खरे आहे. पण १२ डिसेंबरला सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा मैत्रीपूर्ण सामना झाला, तो आपण ७-१ असा जिंकला. हेही त्यांनी सांगावे की!

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. ५२ व्या मिनिटाला पहिला गोल कोणाचा? नेव्हिलचा. चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणाऱ्यांवर आपली आघाडी! ती दोनच मिनिटे टिकली आणि सामना ४-१ असा गेला. पुढे कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ३-० अशी हार. तरी स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. बाकीचे दोघे एक युगोस्लाव्ह, एक बल्गेरियन.

१९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला मान बॅनर्जींना मिळाला, तो योग्यच. नेव्हिलचे नाव मात्र त्या यादीत कधीच आले नाही. १९८० साली तो गेला, वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

वांद्र्याला आता त्याच्या नावाचे फुटबॉल मैदान आहे. कल्याणहून लोकल, दादरला गाडी बदलायची. नातवाला घेऊन एखाद्या रविवारी जाऊन येईन म्हणतो.