वर्गणीदारांची यादी

"पुस्तक छापायचंय, आगाऊ नोंदणी करा, तुमचं नाव आत छापू" अशा पोस्ट आजकाल वरचेवर दिसतात. खाली कुणीतरी टोमणा मारतंच, "आता लेखकही झोळी घेऊन फिरायला लागले!" मला या टोमण्याबद्दल बोलायचंय, कारण ही झोळी फार जुनी आहे. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांतही आश्रयदात्यांची यादी छापलेली सापडते. पण माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात धारदार वापर ज्याने केला, तो एकेकाळी स्वतःच बाजारात विकला गेलेला माणूस होता. ओलाउदा इक्विआनो.

११ जुलै १७६६ ला मॉन्सेरात बेटावर मालकाला पैसे मोजून त्याने स्वतःला सोडवलं. हे पैसे त्याने जमवले कसे? जहाजावर गुलाम म्हणून राबताना तीन पेन्सचा एक काचेचा पेला घेतला, दुसऱ्या बेटावर सहा पेन्सला विकला. पुढच्या खेपेला दोन पेले. असा धंदा शिकलेला माणूस पुढे लेखक झाला, हे लक्षात ठेवा.

१७८९ साली लंडनमध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. पहिलंच पुस्तक. तेव्हा लेखक बहुधा एकरकमी पैसे घेऊन पुस्तकाचे हक्क विक्रेत्याला देऊन टाकायचे. इक्विआनोने हक्क स्वतःकडेच ठेवले आणि छपाईसाठी वर्गणीदार गोळा केले. पहिल्या आवृत्तीत ३११ नावं आहेत. वर प्रिन्स ऑफ वेल्स आणि ड्यूक ऑफ यॉर्क, खाली कुंभारकामाचा कारखानदार वेजवूड, ग्रॅनव्हिल शार्प, क्लार्कसन. आणि याच यादीत कुगोआनो, म्हणजे गुलामीतून सुटलेला दुसरा आफ्रिकी लेखक. युवराज आणि कालचा गुलाम एकाच यादीत! मला तर पुस्तकाचं सगळ्यात राजकीय पान हेच वाटतं.

कारण वेळ बघा. पुस्तक ब्रिटिश संसदेला उद्देशून होतं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न कॉमन्समध्ये मांडला. काळा माणूस लिहू शकतो यावरच शंका घेणारे तेव्हा कमी नव्हते. मुखपृष्ठावर त्याने 'स्वतः लिहिलेलं' असं मुद्दाम छापलं, आणि पाठीशी ही यादी उभी केली.

मग तो गावोगाव फिरला. आयर्लंडमध्ये साडेआठ महिन्यांत १९०० प्रती विकल्या, असं त्यानेच एका पत्रात लिहिलंय. त्याच पत्रात पुढचा बेतही आहे: आता लग्न करायचं, बायकोबरोबर आठ-दहा दिवस काढायचे आणि लगेच स्कॉटलंडला पाचवी आवृत्ती विकायला निघायचं. (बायकोचं यावर काय मत होतं कोण जाणे!) नव्या आवृत्त्यांत नवे वर्गणीदार येत गेले, यादी लांबत गेली.

एप्रिल १७९२ मध्ये लंडनच्या दोन वर्तमानपत्रांनी छापलं, की हा आफ्रिकेत जन्मलेलाच नाही, डेन्मार्कच्या ताब्यातल्या सांताक्रूझ बेटावरचा आहे. रोख उघड होता. माणूस खोटा ठरला की त्याने सांगितलेला जहाजाच्या तळघरातला नरकही खोटा. इक्विआनोने पुढच्या आवृत्त्यांत सुरुवातीलाच या आरोपाला उत्तर दिलं आणि आपल्याला ओळखणाऱ्यांची पत्रं छापली. त्याच्या जन्मस्थानाचा वाद अभ्यासकांत आजही आहे. पुस्तक मात्र तेव्हा थांबलं नाही. १७९४ पर्यंत ब्रिटन-आयर्लंडात नऊ आवृत्त्या झाल्या. न्यूयॉर्कमध्ये एकाने परवानगी न घेताच छापलं, त्याचा याला एक पैसा मिळाला नाही.

१७९७ साली तो गेला. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ मध्ये, ते त्याला दिसलं नाही. हक्क विकले नव्हते, त्यामुळे विक्रीचा फायदा त्याच्याच घरात राहिला होता. १८१६ मध्ये मुलगी जोआना २१ वर्षांची झाली, तेव्हा बापाच्या इस्टेटीतले ९५० पौंड तिच्या हातात पडले.