भिवंडी

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक इतिहासप्रसिद्ध शहर व तालुक्याचे ठिकाण. लोकसंख्या भिवंडी-निजामपूर महानगरपालिका क्षेत्रासह ७,०९,६६५ (२०११). हे ठाण्याच्या ईशान्येस सु. १५ किमी., कामवारी नदीकाठी वसले आहे. दिवा-वसई लोहमार्गावरील ‘भिवंडी रोड’ हे येथील स्थानक असून मुंबई-नासिक महामार्ग शहराजवळून जातो.

खाडीमार्गाने समुद्राशी असलेला संबंध व घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांचे सान्निध्य यांमुळे कल्याणच्या जोडीने भिवंडीला महत्त्व आले. १६३६ पर्यंत निजामशाहीत असलेला हा प्रदेश नंतर आदिलशाहीत गेला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतली आणि पुढील दोन वर्षांत तेथे जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. मराठा आरमाराचा पाया या खाडीत घातला गेला. १८१७ च्या पुणे तहान्वये उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. भिवंडी मात्र त्याच्या बाहेर राहिली.

यानंतर गावाला आधार मिळाला तो मागाचा. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रुजविला. १९३० च्या सुमारास विजेवरील माग आले. मुंबईतील गिरण्यांचा संप (१९८२) लांबल्यावर कापडाचे बरेच उत्पादन येथील यंत्रमागांकडे वळले. व्यापारी सूत पुरवितो व मागधारक मजुरीवर कोरे कापड विणून देतो, अशी येथील सर्वसाधारण पद्धत आहे. त्यामुळे सुताच्या दरातील चढउतार व मंदी यांचा भार अखेर लहान मागधारकावर व कामगारावर पडतो. कामगारांत उत्तर प्रदेश व बिहारमधील, तसेच तेलुगू भाषक विणकर मोठ्या संख्येने आहेत.

दाट वस्तीच्या या शहरात मे १९७० व मे १९८४ मध्ये भीषण जातीय दंगली झाल्या. पहिलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमण्यात आला. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापून दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांना नियमितपणे एकत्र आणले. त्यात मागवाले, कामगार व दुकानदार होते. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. पोलीस व नागरिक यांच्या सहकार्याचे उदाहरण म्हणून या प्रयोगाचा पुढे अभ्यास झाला.

मुंबईची जकातहद्द टाळून माल साठविता येत असल्याने काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली या परिसरात मोठी गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये मुंबईतील जकात रद्द झाल्यावरही महामार्गाच्या सोयीमुळे त्यांचा विस्तार होत राहिला. भातशेतीची जागा गोदामांनी घेतली. बंदर, माग व गोदाम या तिन्ही अवस्थांत भिवंडीचे जीवन शेजारच्या मोठ्या बाजारपेठेशी बांधलेले राहिले आहे. तालुक्यातील लोनाड येथील लेणे व प्राचीन शिवमंदिर, तसेच वज्रेश्वरीचे देवस्थान प्रसिद्ध आहे.